एफडीला हप्ता नसतो

निपाणीजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. वय 25, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहेत, हातात पगार 23,500. चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना माइनस सव्वाचार, मागच्या वर्षी साडेतीन होता. घरी लग्नाचं बघतायत, आत्या म्हणते चष्म्यामुळं स्थळं मागं फिरतात, म्हणून लग्नाआधी लेझर करून घ्यायचंय. कोल्हापूरच्या एका दवाखान्यानं रोख भरले तर 70 हजार आणि ईएमआयवर 78 हजार सांगितलेत, महिन्याला साडेसहा हजार, बारा महिने. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत असा आहे: "सर, नो-कॉस्ट ईएमआय घेऊ की बाबांच्या एफडीतले थोडे काढू? बाबांनी मागच्या नोव्हेंबरमध्ये 1 लाख टाकलेत, दरवर्षी 1 लाख टाकायचे, पाच वर्षांत 10 लाख होणार आहेत. बँकेतल्या मॅडमनी मेसेज केलाय की दुसरा हप्ता 20 तारखेला आहे. लग्नाचा खर्च पण त्यातूनच करायचाय. का दोन वर्षं थांबू, मेडिक्लेम एजंट म्हणाले दोन वर्षांनी डोळ्याचं ऑपरेशन त्यात होतं."

ताई, तुम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर चार ओळीत होतं, ते आधी देऊन टाकतो.

ईएमआय घेऊ नका. रोख 70 आणि हप्त्यानं 78 म्हणजे तो नो-कॉस्ट नाहीच, ते 8 हजार व्याजच आहे, फक्त त्याला व्याज म्हटलेलं नाही. आणि 70 हजारांवर 8 हजार म्हणजे अकरा-बारा टक्के असं वाटतं ना, तसं नाही, कारण तुम्ही दर महिन्याला फेडत जाता, वर्षभर पूर्ण 70 हजार तुमच्याकडं नसतातच. नीट हिशोब केला तर दर 20 टक्क्यांच्या वर जातो. वर प्रोसेसिंग फी लावली तर ती वेगळी.

मेडिक्लेमची वाट पण बघू नका. चष्म्याचा नंबर साडेसातच्या खाली असेल तर तो काढायचं ऑपरेशन आपल्याकडच्या आरोग्य विम्यात बसत नाही, आणि हे एका कंपनीचं नाही, तो सगळ्यांच्या पॉलिसीत असतो तसा ठरलेला नियम आहे. तुमचा सव्वाचार आहे, दोन वर्षांनी काय आणि दहा वर्षांनी काय, बसणार नाही. एजंटनी जे दोन वर्षांचं सांगितलं ते मोतीबिंदूचं असतं. मोतीबिंदूला साधारण दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो आणि मग तो मिळतो. डोळा तोच म्हणून ऑपरेशन तेच, असं सांगून पॉलिसी विकलेली मी बेळगावात खूप वेळा बघितलीय आणि प्रत्येक वेळी राग येतो. मेडिक्लेम मात्र बंद करू नका, ती ठेवा, फक्त लेझरसाठी तिच्याकडं बघू नका.

आता त्या एफडीचं. तुम्ही पत्रात त्याच्यावर दोनच ओळी लिहिल्यात, पण मला रात्री झोप लागली नाही ती त्या दोन ओळींमुळं.

एफडीला हप्ता नसतो ताई. एफडीत एकदा पैसे ठेवायचे, पावतीवर रक्कम, व्याजाचा दर आणि मुदत संपायची तारीख लिहिलेली असते, संपलं. दर महिन्याला हप्ता असतो तो आरडीला. "दरवर्षी 1 लाख" आणि "दुसरा हप्ता" हे शब्द आले की ती विमा पॉलिसी असते. तुम्ही पावतीचा जो फोटो जोडलाय तो मी मोठा करून बघितला, वर "फर्स्ट प्रीमियम रिसीट" लिहिलंय, खाली "युनिट लिंक्ड", म्हणजे पैसे बाजारात लावणारी विमा पॉलिसी, आणि उजव्या कोपऱ्यात प्रीमियम पेइंग टर्म 10, पॉलिसी टर्म 15. म्हणजे पाच वर्षं नाही, दहा वर्षं दर नोव्हेंबरला 1 लाख भरायचे आहेत. तुमचा अख्ख्या वर्षाचा पगार 2 लाख 80 हजार. बाबांचा ऊस नि सोयाबीन धरलं तरी 1 लाख दरवर्षी दहा वर्षं, हे त्या घराला झेपणारं नाही आणि हे विकणाऱ्या माणसाला बाबांचं पासबुक समोर दिसत होतं, त्याला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही.

पाच वर्षांत 10 लाखांचं पण बघू. दरवर्षी 1 लाख असे पाच लाख भरून पाचव्या वर्षाच्या शेवटी 10 लाख व्हायला वर्षाला जवळजवळ 24 टक्के मिळायला लागतात, तेही एकही वर्ष खाली न जाता आणि एक रुपयाही चार्ज न कापता. असं कोण देतं? कंपनीला स्वतःच्या तक्त्यात 4 टक्के आणि 8 टक्के धरूनच आकडे दाखवावे लागतात, आणि त्या दोन्हींची हमी नसते. 8 टक्के धरले तरी पाच वर्षांनी चार्ज कापून सहा लाखांच्या आसपास येतात. बाबांच्या नावावर पॉलिसी आहे आणि बाबा 57 चे, त्यामुळं विम्यासाठी कापली जाणारी रक्कम पण तरुण माणसापेक्षा जास्त.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी हे एवढं लांब लिहितोय. असल्या पॉलिसीत पाच वर्षं पैसे अडकून असतात, त्याच्या आत काढता येत नाहीत. आजारपण असो, लग्न असो. तुमचं लग्न येत्या एप्रिल-मे मध्ये धरलंय आणि बाबा समजतायत की एफडी मोडू. हॉलचा ॲडव्हान्स द्यायला बाबा बँकेत जाऊन उभे राहतील आणि तिथं त्यांना कळेल. माझ्या खानापूरच्या काकांचं अगदी असंच झालेलं. तीन हप्ते भरलेले, बहिणीच्या साखरपुड्याच्या आठ दिवस आधी काउंटरवर कळलं, तिथून घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. शेवटी काकूच्या पाटल्या गहाण ठेवल्या. त्यांना हिशोब कळत नव्हता असं नाही, गुळाचा व्यापार केलेला माणूस, फक्त कागद इंग्रजीत होता आणि समोरच्या खुर्चीवर बँकेचा माणूस होता.

आपल्या भागात हे जास्त होतं आणि त्याला कारण आहे. घरात मराठी, शाखेत कन्नड नाहीतर हिंदी, कागद इंग्रजी. पॉलिसी द्यायच्या आधी कंपनीचा खात्री करायला फोन येतो, तोही समोरचा भराभर बोलत असतो आणि आपली माणसं "हां हां, ठीक है" म्हणत फोन ठेवतात, कारण मॅडमनी आधीच सांगितलेलं असतं की फोन येईल, सगळ्याला हो म्हणा. त्या "हो"चं रेकॉर्डिंग राहतं. म्हणून बाबांना एक शब्द बोलू नका. ते फसले नाहीत, त्यांना फसवलंय, यात फरक आहे.

आता काय करायचं. पहिलं म्हणजे दुसरा हप्ता जाऊ द्यायचा नाही. बाबांच्या खात्यावरून तो आपोआप कापला जाईल अशी सही बहुतेक घेतलेली असणार, आणि सोयाबीनचे पैसे नेमके त्याच खात्यात जमा होणार आहेत, म्हणजे 20 तारखेला सकाळी ते गेलेले असतील आणि तुम्हाला संध्याकाळी मेसेज येईल. तर या आठवड्यातच शाखेत जाऊन ऑटो-डेबिट बंद करायचा लेखी अर्ज द्या, दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख मारून घ्या, तोंडी "हो करतो" वर परत येऊ नका. शक्य असेल तर सोयाबीनचे पैसे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात घ्या.

दुसरं, कंपनीकडं बाबांनी सही केलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत मागा, ती मागायचा त्यांना हक्क आहे. ती आली की तीन गोष्टी बघा: बाबांचं वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय, मोबाईल नंबर आणि मेल कुणाचा टाकलाय, आणि बाबांची सही मराठीत असल्यामुळं "मजकूर त्यांच्या भाषेत समजावून सांगितला" अशी जी एक घोषणा फॉर्मवर असते तिच्याखाली कुणाची सही आहे. उत्पन्न फुगवलेलं असेल किंवा ती घोषणा कोरी असेल तर तुमची बाजू खूप भक्कम होते.

मग चुकीची माहिती देऊन विकली, पैसे परत द्या, अशी तक्रार करा. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवस परत करायची मुदत असते, ती गेली, पण म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. तुमच्याकडं एक फार मोलाची गोष्ट आहे, त्या मॅडमचा "एफडीचा दुसरा हप्ता" असा लेखी मेसेज. आत्ताच स्क्रीनशॉट काढा, तारीख नि नंबर दिसेल असा, आणि मेसेज डिलीट व्हायच्या आत घरातल्या आणि एका फोनवर पाठवून ठेवा. तक्रार आधी कंपनीकडं, सोबत बँकेला प्रत, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा नाही म्हणाले तर विमा लोकपाल. तुम्ही कामाला कागलला जाता पण पॉलिसी आणि पत्ता निपाणीकडचा, म्हणून तुमचा लोकपाल पुण्याचा नाही, बंगळूरूचा. तिथं फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाचं बिमा भरोसा पोर्टल आहे, तिथं नोंदवता येतं, नाहीतर 155255 ला फोन करता येतो.

पैसे परत मिळतीलच असं मी सांगणार नाही, तसं सांगणारे तुम्हाला एक भेटलेच आहेत. न मिळाले तर काय, ते धरून चालू. हप्ता थांबवला की आत्तापर्यंतचा फंड वेगळ्या खात्यात जातो, चार-पाच हजार कापतात, उरलेल्यावर किमान 4 टक्के मिळतात आणि पाच वर्षं पुरी झाल्यावर रक्कम हातात येते. पहिल्या वर्षाचे चार्ज धरता आज फंड 90 हजारांच्या आसपास असेल, तर आणखी चार वर्षांनी बाबांना साधारण त्यांनी घातलेले 1 लाखच परत मिळतील. पाच वर्षं फुकट गेली, मान्य आहे, पण "एवढे भरलेत तर आणि एक भरू" म्हणून दुसरा लाख टाकला तर तोही त्याच कुलपात जातो. बँकेत गेलात की "पॉलिसी लॅप्स होईल, सगळे बुडतील" असं सांगतील. बुडत नाहीत.

जो 1 लाख 20 तारखेला जाणार होता तो लग्नासाठी खऱ्या एफडीत ठेवा, सहा महिन्यांच्या, पावती हातात घेऊन. बँकेतच ठेवा बरं का. गावातली सौहार्द, म्हणजे ती सहकारी संस्था, दीड-दोन टक्के जास्त देईल, ओळखीचा माणूस घरी येऊन घेऊन जाईल, पण बँकेतल्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवींना जो ठेव विमा असतो तो सौहार्दला आणि पतसंस्थेला नाही. लग्नाचे पैसे तिथं नकोत.

आता डोळ्यांचं. मी डॉक्टर नाही, पण तुमच्याच पत्रात लिहिलंय की वर्षात नंबर साडेतीनवरून सव्वाचार झाला. लेझर करायच्या आधी किमान वर्षभर नंबर स्थिर लागतो, अर्ध्याच्या आत बदल चालतो, तुमचा पाऊण वाढलाय. वाढत्या नंबरवर केलं तर काही वर्षांत परत चष्मा लागू शकतो. हे तुम्हाला ईएमआयचा तक्ता दाखवणाऱ्यानं सांगायला हवं होतं. लेझर बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, तासून त्याचा आकार बदलतो, तासलेलं परत येत नाही, म्हणून आधी त्याची जाडी आणि नकाशा काढतात आणि काही जणांना डॉक्टर नको म्हणून सांगतात. अजून त्या तपासण्या झालेल्या नसतील तर पैशांचा आकडा तरी कसा ठरला, हे विचारा.

आणि दोन गोष्टी डॉक्टरांना स्वतःहून सांगा, त्या विचारतीलच असं नाही. एक, तुम्ही मशीन शॉपमध्ये आहात, लोखंडाचा कीस आणि कूलंटचा फवारा असतो. लासिक म्हणून जी लेझरची पद्धत आहे तिच्यात कॉर्नियाचा एक पातळ पापुद्रा उचलून परत बसवतात, डोळ्याला मार लागायची शक्यता असेल तर पापुद्रा न करता वरूनच करायची पद्धत आहे, ती तुम्हाला बरी पडेल का विचारा. तिच्यात बरं व्हायला जास्त दिवस लागतात, रजा त्या हिशोबानं. दुसरं, तुम्ही सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला हायवेवरून गावापर्यंत स्कूटीनं जाता. ऑपरेशननंतर काही महिने डोळे कोरडे पडणं आणि रात्री दिव्याभोवती वलय दिसणं होऊ शकतं. हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून चालतात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ज्या महिन्यात करायचं तो महिना हे बघून ठरवा.

खर्च वाचतो म्हणून करू नका, वाचत नाही. वर्षाला अडीच हजार चष्म्याचे धरले तर 70 हजार वसूल व्हायला 28 वर्षं लागतात, आणि चाळिशीत वाचायचा चष्मा लेझर केलेल्यांनाही लागतोच. मास्कमुळं काच धुरकटते, पावसात गाडीवर दिसत नाही, सकाळी उठल्यावर घड्याळ दिसावं असं वाटतं, म्हणून करायचं असेल तर जरूर करा, स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या डोळ्यांवर खर्च करण्यात काही चूक नाही. आत्याच्या बोलण्यासाठी मात्र नको. माइनस सव्वाचारवर थांबणारं स्थळ पुढं कशाकशावर थांबेल, हे बाबांशी बसून बोला.

घरी 8 हजार देता, येणं-जाणं, डबा, रिचार्ज धरून 5 हजार, म्हणजे हातात 10 हजार उरतात. त्यातले 9 हजार महिन्याला आरडीत टाका, आठ महिन्यांत 72 हजार होतात, रोख भरायला पुरतात आणि 8 हजारांचं व्याज वाचतं. तोपर्यंत नंबर थांबलाय की वाढतोय हेही कळेल. आरडी याच महिन्यात सुरू करा. जूनमध्ये नंबर परत तपासा, तपासायच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर किती दिवस काढून ठेवायच्या ते दवाखान्यात फोन करून विचारा, आणि तो कागद मला पाठवा. त्याच्या आधी, 20 तारखेच्या आत, शाखेच्या शिक्क्याचा फोटो पाठवा.