तिसऱ्या मोरीपर्यंत

पोरी,

तू पाठवलेले ४० फोटो पाहिले. दोनदा पाहिले. त्यात वाईट म्हणावा असा एकही नाही, आणि माझी पंचाईत तिथेच झाली आहे. एका पावसाळ्यात माळशेज, ताम्हिणी, कास, आंबोली, आणखी कुठे कुठे भटकलीस, आणि आता विचारतेस, "काका, हाताला काहीच का लागत नाही? १००ची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स, घेऊ का?"

घे नाहीतर घेऊ नकोस, पैसे तुझे आहेत. मला त्या फेसाबद्दल बोलायचंय.

आंबोलीजवळच्या चौकुळच्या रस्त्यावरचा तो फोटो. चरावर वाकलेली फांदी, तिला मुठीएवढा पांढरा फेस, त्यात दोन-तीन पानं चिकटलेली. मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. चित्र छान आलंय, पानाच्या टोकाचा थेंबसुद्धा नेमका धरलायस. पण हा फोटो शनिवारचा, आणि रविवारी तू कोल्हापूरला परत. दोन-तीन दिवसांत त्या फेसावर पिवळट खपली धरली असेल. मग आठवड्याभरात कधीतरी खालची बाजू सैल पडून पिल्लं एकेक करून खालच्या पाण्यात गळली असतील. चरात तेवढं पाणी होतं का? तुझ्या फोटोत चरच नाही. तुला तो दिसलाच नाही, कारण तू गाडीतून उतरलीस, फेस पाहिलास, फोटो काढलास आणि पुन्हा गाडीत बसलीस.

तोच रस्ता. पायी. पुन्हा. मला एवढंच येतं, तेव्हा पत्रभर हेच ऐकावं लागेल.

गाडीवर माझा राग आहे. एसीच्या गारव्यातून कॅमेऱ्याची काच बाहेरच्या दमट हवेत आली की तिच्यावर वाफ धरते. तुझे पहिले सहा फोटो दुधाळ आलेत ते धुक्यामुळे नव्हेत. सावंतवाडीहून घाट चढलात, मोठ्या धबधब्याची गर्दी ओलांडलीत, चौकुळच्या फाट्याला वळलात, की रस्त्याखालून पाणी जातं त्या पहिल्या मोरीपाशी गाडी सोडायची. कॅमेरा पिशवीतच दहा मिनिटं राहू दे. तोवर ऐक. पावसात शीळकरी कस्तूर हा पक्षी सकाळी सकाळी शीळ घालतो ती एखाद्या रिकाम्या डोक्याच्या पोराने घातल्यासारखी वाटते, सूर सापडत सापडत हरवणारी. ती कुठल्या झाडावरून येते हे शोधण्यात माझे दोन पावसाळे गेले. वाया गेले असं मला वाटत नाही. बायकोला वाटतं.

आता रागाचं खरं कारण. १९९०च्या दशकातली गोष्ट, जूनचा पहिला मोठा पाऊस. रात्री बेडकांचे आवाज टेप करायचं आणि जमलं तर फोटो काढायचं खूळ डोक्यात. माझ्या एम-८० दुचाकीवरून याच रस्त्याने गेलो. सकाळी पायी परतलो, कारण गाडी बंद पडली होती. रस्त्यावर चपटे झालेले बेडूक होते, दहा-बारा तरी. रात्रभरात त्या रस्त्याने माझ्याखेरीज फार तर दोन वाहनं गेली असतील. त्यातला एक मी उचलला. छोटा भेक, अंगाच्या कडेला वाघासारखे पिवळे पट्टे. त्याच जातीचा एक जिवंत मी आधी कधीतरी कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट खडकावर, टिपला होता. २००९ साली त्या भेकाचं वर्णन प्रसिद्ध झालं, झॅन्थोफ्राइन टायगेरिना, विज्ञानाला नवी जात. आंबोलीचा भेक. जगात आंबोली परिसराबाहेर जवळपास कुठेच नाही. मी ट्रंकेतली खोकी उपसली. स्लाइड सापडली. तिच्यावर तारीख नाही, जागा नाही, पाऊस कुठल्या दिवशी लागला होता ते नाही. माझ्याकडे एक सुंदर चित्र होतं, बस्स.

म्हणून वही. शाई पावसात उतरते, पेन्सिल ठेव. काय लिहायचं हे विचारू नकोस, जे रोज पाहून कंटाळा येतो ते लिही. मोरीखाली पाणी किती, जांभळीखाली काय पडलंय, सडा ओला की कोरडा. तो कातळाचा सडा मे महिन्यात तव्यासारखा तापलेला असतो. तू तो पाहिलेला नाहीस. वर्षाला सातेक हजार मिलिमीटर पाऊस झेलणारं गाव पाण्याशिवाय कसं दिसतं, हे पाहिल्याशिवाय त्या कातळावरच्या वीतभर डबक्याची किंमत कशी कळणार? भेक अंडी घालतो ती असल्याच डबक्यांत, दोन दिवस उघाड पडली की आटणाऱ्या. उन्हाळ्याच्या तोंडाला ये. अंजनीच्या फांद्यांना निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके चिकटलेले असतात, खाली रस्ताही निळा. कॅमेरा नसला तरी ये.

तू म्हणशील, एकच रस्ता धरून काकांनी काय मिळवलं? ताडोबा मी पाहिलेलं नाही. काझीरंगा नाही. मित्र मला घरकोंबडा म्हणत. खरं सांगू, सुरुवातीला तो हट्ट नव्हताच. नोकरी कारकुनाची, एम-८०च्या टाकीत मावेल तेवढाच प्रवास परवडायचा. हट्ट नंतर झाला. आणि एकदा झाला की मी तो मित्रांसमोर तत्त्व म्हणून मिरवला, हेही लिहून टाकतो. पण २६ वर्षं रविवार त्या रस्त्यावर घालवल्यावर मला आज तिसऱ्या मोरीचं पाणी आवाजावरून कळतं, आणि ताडोबाला सहा वेळा जाऊन आलेल्या एकाला वाघ कुठल्या गेटला दिसला एवढंच आठवतं. हे मी चिडून लिहितोय का? असेल. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यातल्या एका रविवारी गेलो असतो तर रस्ता काही पळून गेला नसता. ते वहीत नाही, पण तारीख पाठ आहे.

तांत्रिक म्हणशील तर दोनच गोष्टी. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या तुझ्या साध्या १८-५५ लेन्सने भरपूर होईल, फक्त गुडघे टेकव. तू सगळं उभ्याने काढतेस, बेडूक काय रस्त्याचा खड्डा काय, सगळ्याची टाळूच दिसते. आणि घरी गेल्यावर कॅमेरा ओल्या पिशवीत ठेवू नकोस, डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल घालून ठेव. माझ्या एकुलत्या एका चांगल्या लेन्समध्ये गणपतीनंतर कोळ्याचं जाळं दिसलं, ते बुरशीचं निघालं.

आणि फांदी वाकवायची नाही. त्या फेसाच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात तुझ्या मैत्रिणीची दोन बोटं आलीयत. क्रॉप करायचं राहिलं असावं.

पाऊस लागला की फोन कर, शनिवारीच असं नाही. गुडघ्यामुळे मी तिसऱ्या मोरीपर्यंतच येईन, पुढे तू जा. त्या मोरीच्या डाव्या हाताला जांभळीची एक फांदी पाण्यावर आलीय. गेल्या साली तिच्यावर तीन घरटी होती. त्यातल्या एकाखालचा चर कोरडा होता. यंदा काय होतं ते बघायचंय.

तुझा,
काका