वात, भ्रम की स्मृतिभ्रंश?

प्रश्न असा आहे: शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात असलेल्या वयस्कर रुग्णाला रात्री एकाएकी माणसं ओळखू येईनात, तो भलतंच बोलू लागला. डॉक्टर याला 'डिलिरियम' म्हणतात. मराठीत 'स्मृतिभ्रंश' चालेल का?

नाही चालणार. स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-वर्षांनी वाढत जातो. हे मात्र काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत उद्भवतं आणि दिवसभरात कमीजास्त होतं. सकाळी नीट बोललेला रुग्ण संध्याकाळी सलाइनची नळी उपटायला बघतो. याला जुन्या मराठीत चांगला शब्द आहे, 'वात'. 'वात झाला', 'वातात बरळतोय' हे तापात भान सुटलेल्यांबद्दलच म्हणत. पण आज वात म्हटलं की आधी सांधे आठवतात. 'भ्रमिष्ट' नको, तो कायमचा शिक्का वाटतो.

'बरळणे' या शब्दातही एक खोच आहे. या विकारात कित्येक जण बरळत नाहीतच. ते गप्प पडून राहतात, घास तोंडात धरून ठेवतात, हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा मिटतात. त्यांना 'शांत झोपलेत' म्हटलं जातं आणि निदान हुकतं.

म्हणून नर्सला सांगताना एका शब्दावर विसंबू नये. 'हल्ली विसरतात' म्हटलं की सगळं वयावर जातं. त्याऐवजी 'कालपर्यंत ठीक होते, आज दुपारपासून भान येतं-जातं, बोलण्यावर लक्ष टिकत नाही' असं वेळेसकट सांगावं. मूळ बिघाड लक्षाचा असतो. म्हणून तर डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला लावतात. नोव्हेंबर, ऑक्टोबरनंतर गाडी अडली की शंका घ्यायची. स्मृतिभ्रंश आधीपासून असला तर हा धोका उलट वाढतो, दोन्ही एकत्रही असतात.

'वाता'मागचं कारण शोधावंच लागतं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, न शमलेली वेदना, अचानक सुटलेली दारू. औषधांत झोपेच्या गोळ्या आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आधी तपासाव्यात, घरून आणलेल्यासुद्धा. चष्मा आणि कानाचं यंत्र पिशवीत राहिलं असेल तर तेवढ्यानेही गोंधळ वाढतो.

लिहिताना मी 'तात्पुरता भानभ्रम' वापरेन आणि पहिल्यांदा येईल तिथे 'डिलिरियम' जोडेन. 'तात्पुरता' म्हणजे मात्र दोन दिवसांत बरा असं नव्हे. कारण दूर झाल्यावरही काहींना पूर्वपदावर यायला आठवडे लागतात.