पहिल्या बटाट्याआधी माती बघा

भाऊ, पहिल्यांदाच बटाटा लावताना बेण्याच्या (लावायच्या बटाट्यांच्या) जातीआधी तुम्ही मर रोगाबद्दल विचारलंत, हे फार चांगलं केलंत. हिरवंगार झाड दुपारी अचानक माना टाकतं, तेव्हा आधी खोड कापून काचेच्या पेल्यात पाण्यात धरा. कापातून दुधासारखे पांढरे धागे उतरले की जिवाणूजन्य मर आहे असं समजा. एकदा लागली की तिच्यावर फवारणी चालत नाही. म्हणून सगळी मेहनत लावणीआधीची.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- टोमॅटो, वांगी, मिरचीच्या पाठीवर बटाटा नको, ती याच रोगाची घरं आहेत. मधे दोन-तीन वर्षं ज्वारी, मका, गहू घ्या.
- खरिपात अंड्याएवढं अख्खं बेणं लावा. कापायचंच असेल तर विळा दर वेळी निर्जंतुक करा, एक रोगट बटाटा पुढचे कित्येक बिघडवतो.
- शेजारच्या रोगट वावरातलं पाणी आपल्या सरीत घेऊ नका.

आमच्या मंचर-खेड पट्ट्यात नवीन माणूस हमखास चुकतो तो शेणखतात. कच्चं, गरम खत घालू नका. मुरलेलं खत मुठीत भुसभुशीत लागतं, मातीचा वास येतो. अशा खतावर नाना प्रकारचे जिवाणू आणि बुरश्या वाढतात, मुळाभोवतीची जागा व अन्न आधीच व्यापतात. रोगाच्या जिवाणूला शिरकाव अवघड होतो. पण हे एका हंगामात घडत नाही, धीर धरा.

जिवाणू खतांच्या बाटल्यांचं नंतर बघू. आधी गेल्या तीन वर्षांत त्या वावरात काय काय होतं, ते कळवा.