लाल कोटातला फोटो

"माझी मुलगी सप्टेंबरपासून कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्स शहरात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. त्यासाठी आम्ही राहते घर तारण ठेवून कर्ज काढले असून तिचे बाबा पगारातून दरमहा व्याज भरतात. ती मात्र कधी सफरचंदाच्या बागेतला, कधी दीपगृहाजवळचा, कधी लाल कोट घालून, कोणा एका मुलीचा हात धरून बर्फावर घसरतानाचा फोटो टाकत असे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या जाऊबाईंनी 'शिकायला पाठवली आहे की फिरायला?' असे विचारले आणि त्यावर तिच्या बाबांनी 'हप्ता भरणाऱ्याला विचारा' असे लिहिले. तेव्हापासून तिने फोटो टाकणे बंद केले आहे. मी रविवारी दुपारी जेवणे आटोपली की फोन करते, पण ती बहुधा उचलत नाही, उचलला तर दोन वाक्यांत संपवते. मुलीला खर्चाची जाणीव करून देणे चूक आहे का?
— एक आई, चिपळूण"

प्रिय ताई,

आधी तुमच्या फोनच्या वेळेविषयी लिहिते, कारण या सगळ्या गुंत्यातील तेवढी एकच गाठ आजच सुटण्यासारखी आहे. हिवाळ्यात हॅलिफॅक्सचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तुम्ही रविवारी दुपारी दोन वाजता ओटा पुसून फोन हातात घेता, तेव्हा तेथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. त्या वेळी दोन वाक्ये बोलणारी मुलगी रुसलेली असेलच असे नाही. ती झोपेत असते. यापुढे फोन रात्री आठला करा, तेव्हा तिच्याकडे सकाळचे साडेदहा झालेले असतील. मार्चच्या मध्यात त्यांची घड्याळे एक तास पुढे जातात, त्यानंतर हाच फोन तिला साडेअकराला मिळेल. जाऊबाईंच्या एका वाक्याने झालेली जखम इतक्याने भरणार नाही, हे मलाही ठाऊक आहे, परंतु फोन न उचलण्याचा जो अर्थ तुम्ही लावून बसला आहात, त्यातला निम्मा तरी त्यामुळे गळून पडेल.

आता फोटोंकडे येऊ. माझा मुलगा त्याच शहरात शिकत असताना मी त्याच्याकडे दोन हिवाळे काढले आहेत, त्यामुळे तुम्ही वर्णन केलेल्या तिन्ही जागा मला परिचयाच्या वाटतात आणि त्यांचा हिशेबही मांडता येतो. लाल कोटातला फोटो बहुधा शहराच्या मध्यभागी असलेल्या हॅलिफॅक्स कॉमन या मोठ्या मैदानावरचा असावा. 2011 साली तेथे कॅनडाच्या हिवाळी क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा त्या मैदानावर बर्फाचे लंबगोल रिंगण केले होते. ते तात्पुरते होते, पण लोकांना इतके आवडले की शहराने ते कायम ठेवले. तेथे घसरायला पैसे पडत नाहीत, आणि ओळखपत्र दाखवले की स्केट्स आणि शिरस्त्राण हेही विनाशुल्क वापरायला मिळतात. म्हणजे तुमच्या मुलीने त्या दुपारी एका चहापुरतेही पैसे खर्च केले असतील की नाही, याची मला शंका आहे. सफरचंदाची बाग बहुधा ॲनापोलिस खोऱ्यातील असेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात तेथे लोक स्वतःच्या हाताने फळे तोडून पिशवी भरून आणतात. विद्यार्थी चौघे-पाचजण मिळून एक गाडी करतात आणि त्या पिशवीतली सफरचंदे पुढे दोन आठवडे डब्यात खातात. आपल्याकडे मे महिन्यात मामाच्या बागेतून आंब्यांची पेटी घेऊन येणाऱ्या मुलीला आपण उधळी म्हणत नाही.

तुमच्या यजमानांचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. घर तारण ठेवलेल्या माणसाला मुलीच्या हसऱ्या फोटोतही व्याजाचा आकडा दिसतो आणि त्यात त्यांचा दोष नाही. परंतु 'फिरण्याऐवजी तेवढा वेळ काम केले असते तर' हा जो विचार त्या वाक्यामागे आहे, तो तेथील नियमांना धरून नाही. 8 नोव्हेंबर 2024 पासून कॅनडात परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना महाविद्यालयाबाहेर आठवड्याला जास्तीत जास्त 24 तास काम करता येते. पूर्ण वेळ काम करायचे तर नियोजित सुट्टीची वाट पाहावी लागते. ही मर्यादा ओलांडणे म्हणजे शिक्षणाचा परवानाच धोक्यात घालणे. तेव्हा वर्ग, अभ्यास आणि ते 24 तास यांतून जो रविवार उरतो, तो विकून हप्ता भरता येईल अशी सोयच तेथे नाही. तो रविवार एक तर बर्फावर जातो, नाही तर खोलीत पांघरूण घेऊन मोबाइलकडे बघण्यात जातो.

हा दुसरा पर्याय मी जवळून पाहिला आहे. माझ्या मुलाचा पहिल्या हिवाळ्यात एकही फोटो आला नाही, आणि मी ते शेजारणींना अभिमानाने सांगत असे की आमचा मुलगा गेल्यापासून पुस्तकातून डोके वर काढत नाही. डिसेंबरात मी तेथे गेले तेव्हा त्याच्या खोलीचे पडदे दिवसाही ओढलेले होते, दोन विषय राहिले होते, आणि महाविद्यालय व दुकानातील पाळी सोडली तर तो जवळजवळ दोन महिने कोठेही गेलेला नव्हता. हॅलिफॅक्समध्ये डिसेंबरात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पाऊस पडता पडता गोठतो आणि पदपथावर काचेसारखा थर धरतो, त्यामुळे बाहेर पडायचे म्हटले की मन आधी माघार घेते. कोकणात वाढलेल्या मुलांना पाऊस ठाऊक असतो, पण वर्गातून बाहेर येताच समोर उभी राहणारी रात्र त्यांना ठाऊक नसते. त्या काळोखाविरुद्ध घराबाहेर पडण्याचे काही तरी ठरलेले निमित्त लागते, आणि तुमच्या मुलीने ते पहिल्याच हिवाळ्यात स्वतःहून शोधून काढले, ही गोष्ट मला तिच्या गुणपत्रिकेइतकीच महत्त्वाची वाटते. माझ्या मुलाच्या बाबतीत ते निमित्त मला शोधावे लागले, आणि परक्या शहरात स्वेटरवर स्वेटर घालून फिरणाऱ्या साठीच्या बाईने ते कसे शोधले असेल, याची कल्पना करून तुम्ही थोडे हसलात तरी चालेल. स्प्रिंग गार्डन रस्त्यावर 2014 साली उघडलेले मध्यवर्ती सार्वजनिक वाचनालय आहे, एकावर एक तिरकी पुस्तके रचावीत तशी त्याची इमारत दिसते. वरच्या मजल्यावर काचेलगत बसून कोणीही कितीही वेळ वाचावे, कोणी उठवत नाही. तेथून उतरणीने खाली गेले की बंदर लागते आणि पलीकडच्या डार्टमथला जाणारी फेरीबोट मिळते. ही बोटसेवा 1752 पासून चालत आली आहे. माझ्या मुलाच्या शुल्कातच बसचा पास होता आणि तो बोटीलाही चालत असे. आम्ही दर शनिवारी जाऊन येत असू, जाताना बारा मिनिटे, येताना बारा मिनिटे, आणि मधल्या वेळात तो हळूहळू बोलू लागला.

तुम्हाला काळजीच करायची असेल, तर ती दीपगृहाच्या फोटोविषयी करा. हे दीपगृह पेगीज कोव्हचे असेल, तर तेथे करडे कोरडे खडक आणि काळे ओले खडक असा भेद आहे. काळ्या खडकांवर पाऊल ठेवू नये, अशा पाट्या तेथे लावलेल्या आहेत, कारण शांत दिसणाऱ्या समुद्रातून एखादी मोठी लाट अचानक चढून येते आणि तिने माणसे ओढून नेल्याचे प्रसंग घडलेले आहेत. हे मुलीला जरूर सांगा. समुद्राविषयी सांगण्याचा तुमचा अधिकार ती मान्य करील, कर्जाविषयीच्या टोमण्याचा करणार नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की जाणीव करून देणे चूक नाही, परंतु ती नातेवाइकांच्या देखत, आडून करून देणे चूक होते. बाबांनी एका संध्याकाळी कागद घेऊन बसावे आणि मूळ रक्कम, व्याज, पूर्ण हप्ता कधी सुरू होणार, घरातून किती भरणे शक्य आहे, हे सगळे तिला एकदाच स्वच्छ लिहून पाठवावे. तिनेही खोलीचे भाडे, किराणा आणि पुढच्या सत्राचे शुल्क त्याच कागदावर मांडावे. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला आकडे समजतात. त्या कागदात खरोखरच कोठे उधळपट्टी दिसली, क्रेडिट कार्डाची थकबाकी वाढलेली दिसली किंवा वर्ग बुडवून सहली होत असल्याचे कळले, तर स्पष्ट बोला; तेव्हा मीही तुमच्या बाजूने असेन. तशी कोणतीही खूण तुमच्या पत्रात मला दिसलेली नाही.

ग्रुपवर झालेले ग्रुपवरच निस्तरायला हवे, ही अट मात्र थोडी अवघड आहे. बाबांनी क्षमा मागावी असे मी सुचवत नाही, कारण आपल्या घरांतले पुरुष त्या शब्दापाशी येईपर्यंत मुलीचे शिक्षण पूर्ण होईल. त्यांनी तिचा जुना एखादा फोटो शोधून त्याखाली 'हे शिकलीस कधी? पडलीस किती वेळा?' एवढे लिहिले तरी ती समजेल, आणि जाऊबाईही समजतील.

तुम्ही स्वतः तिच्याशी बोलताना कर्ज, प्रकृती आणि जेवण हे तीन विषय पहिली पाच मिनिटे बाजूला ठेवा. तिला फंडीच्या उपसागराविषयी विचारा. आपल्या खाडीत भरती-ओहोटीचा फरक दोन-तीन मीटरचा असतो. नोव्हा स्कोशियाच्या त्या किनाऱ्यावर बर्नकोट हेड येथे तो 16 मीटरपर्यंत जातो, आणि ओहोटीला ज्या तळावर माणसे चालत फिरतात, तेथे सहा तासांनी खोल पाणी असते. ती गेली असेल तर सांगेल. गेली नसेल, तर उन्हाळ्यात जाऊन ये आणि मला व्हिडिओ पाठव, असे म्हणा. वाशिष्ठीच्या काठच्या बाईने हे मागितले, तर मुलीला त्यात परवानगी दिल्याचा आव वाटणार नाही, तुम्हाला ते खरोखर पाहायचे आहे असेच वाटेल.

पण त्याआधी, या रविवारी रात्री आठला फोन करण्यापूर्वी, तिला एकच ओळ पाठवून ठेवा: लाल कोटातल्या त्या फोटोत तुझा हात धरून उभी आहे, ती मुलगी कोण?