मीटर गेटजवळ आणि घर ३५ मीटर आत, मेन केबल किती एमएमची टाकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गावी नवीन घर होतंय, महावितरणचा सिंगल फेज मीटर गेटजवळच्या भिंतीवर बसणार, तिथून घरातल्या डीबीपर्यंत (सगळ्या सर्किटांचे स्विच असलेला मेन बोर्ड) ३५ मीटर अंतर आणि वायरमन म्हणतोय ६ एमएमची कॉपर वायर पाईपातून ओढली की झालं. मी स्वतः आयटीआय वायरमन, वीसेक वर्षं कोकणात घरांच्या फिटिंगची कामं करतोय, आणि माझं उत्तर सरळ आहे, ६ नको. १० एमएम कॉपर टू कोअर आर्मर्ड (आत दोन वायरी, वरून धातूच्या तारांचं कवच) घ्या, पैसे कमी पडत असतील तर १६ एमएम ॲल्युमिनियम आर्मर्ड, पण मग दोन्ही टोकांचं काम फार जपून करून घ्यावं लागेल, ते पुढे सांगतो. (आपण बोलताना एमएम म्हणतो ते खरं चौरस मिलिमीटर, म्हणजे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, वायरीची जाडी नव्हे. दुकानात जुने लोक अजून ७/२० वगैरे बोलतात तिथे गोंधळू नका, केबलवर छापलेला आकडा बघा.)

आता ६ का नको. तुम्ही लिहिलंय दीड टनाचा एक एसी, २ किलोवॅटचा गिझर, १ एचपी पंप, इंडक्शन, इस्त्री, फ्रीज. सकाळी सातला गिझर चालू, कुणीतरी पंप लावलाय, इंडक्शनवर चहा आणि आतल्या खोलीत एसी अजून बंद केलेला नाही, असं झालं की सात-साडेसात किलोवॅट सहज होतात, म्हणजे ३२ अँपियरच्या आसपास. ६ एमएम तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला ३.०८ ओहम, पण तो २० डिग्रीला, वायर गरम झाली की वीसेक टक्के वाढतो. करंट जातो फेजने आणि परत येतो न्यूट्रलने, म्हणून ३५ चे ७० मीटर धरायचे, हे बरेच जण विसरतात. हिशोब केला तर ६ एमएममध्ये साधारण ८ व्होल्ट वाटेतच जातात, १० एमएममध्ये ५ च्या आत. मेन केबलमध्ये ३ टक्क्यांपेक्षा, म्हणजे ७ व्होल्टपेक्षा जास्त पडू देऊ नये असं मी तरी धरून चालतो. तुम्ही म्हणाल ८ व्होल्टने काय फरक पडतो, पण गावात संध्याकाळी पोलवरूनच २०५-२१० येत असतं, त्यातून आणखी ८ गेले की पंप उचलत नाही, एसीचा कॉम्प्रेसर धापा टाकतो, आणि वर अडीचशे वॅट नुसती केबल तापवण्यात जातात ज्याचं बिल तुम्हीच भरणार.

दुसरं म्हणजे ६ एमएम वायर पाईपात कोंबलेली, बाहेर चाळीस डिग्री, अशात ती ३५ अँपियरच्या आसपासच झेपते, आणि मीटरशेजारी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसणार ४० चा. एमसीबी असतो केबलला वाचवायला, त्यामुळे एमसीबीचा आकडा केबलच्या ताकदीपेक्षा कमी किंवा फार तर तेवढाच हवा. पुढेमागे ट्रिप व्हायला लागलं म्हणून कुणी ४० काढून ६३ चा बसवला तर त्याला हात जोडून थांबवा, कारण मग केबल जळेल आणि एमसीबी बघत बसेल.

आता टोकांबद्दल, कारण मला खरं सांगायचंय ते हेच. माझ्या मामांकडे थ्री फेज कनेक्शन होतं, ॲल्युमिनियमची चांगली जाड केबल टाकलेली, पण डीबीजवळ ज्याने काम केलं त्याने ॲल्युमिनियमला तांब्याचे तुकडे नुसते पिळून वर टेप गुंडाळली. दोन पावसाळे गेले, जॉइंटवर पांढरी भुकटी धरली, आणि एका रात्री न्यूट्रल तिथे जळून तुटला. थ्री फेजमध्ये मेन न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर लोड कमी त्यावर साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत जातं. मामी घरात एकट्या होत्या, बल्ब फुटले, टीव्ही, फ्रीज, दोन पंखे गेले, इन्व्हर्टरमधून धूर. केबलमध्ये काहीच दोष नव्हता, सगळं त्या चार बोटांच्या जॉइंटमुळे झालं, त्या रात्रीची आठवण अजून अंगावर काटा आणते. तेव्हापासून मी ॲल्युमिनियम असेल तर पिन टाइप लग (वायरीच्या टोकावर बसवायची धातूची टोपी), टोक घासून वर ऑक्साइड न धरणारी पेस्ट, आणि क्रिम्पिंग टूलनेच दाबणं याशिवाय काम करतच नाही, पक्कडीने चेपलेला लग मी परत कापायला लावतो. महिन्याभराने मेन बंद करून स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्यायचे, ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सैल पडतं. आणि मध्ये कुठेही जॉइंट नको, ३५ मीटरचा एकच तुकडा, दोन्हीकडे दोन मीटर जास्त धरून. १० एमएम तांब्याच्या केबलला ही काळजी बरीच कमी लागते, म्हणून जमत असेल तर तीच घ्या असं म्हणतोय.

बाकी भराभर. जमिनीतून नेताना अडीच फूट खोल चर, खाली-वर वाळू, त्यावर विटा आणि पिवळी-लाल वॉर्निंग टेप, गाडी जाते तिथे पाईप. आर्मरला दोन्ही टोकांना पितळी ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथे तिला घट्ट धरणारा भाग) आणि ग्लँडला अर्थिंग. घराजवळ स्वतःचा अर्थिंगचा खड्डा हवाच, आणि डीबीत ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळून शॉक बसायची वेळ आली की लाईन तोडणारा स्विच), त्यात काटकसर अजिबात नको, गिझर आणि पंप आहे घरात. मीटरपाशी ४० चा डबल पोल एमसीबी बॉक्समध्ये. मीटरचं सील आणि पोलवरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर महावितरणची, तिला तुमच्या माणसाने हात लावायचा नाही. केबलवर आयएसआय मार्क आणि मीटरगणिक छापलेला आकडा बघून घ्या, आयएस ७०९८ असेल तर वरचं इन्सुलेशन एक्सएलपीई, आयएस १५५४ असेल तर पीव्हीसी, दोन्ही चालतात, मला एक्सएलपीई आवडते कारण जास्त तापमान सोसते.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीये, पुढे इलेक्ट्रिक कार घ्यायचा विचार आहे का? स्कूटर असेल तर काही फरक पडत नाही, पण कारचा ७ किलोवॅटचा चार्जर एकटाच ३२ अँपियर खातो, आणि सिंगल फेजला ४० अँपियरच मिळतात, म्हणजे तेव्हा थ्री फेज घ्यावं लागणार. तसं डोक्यात असेल तर आत्ताच फोर कोअर १० एमएम टाकून ठेवा, न्यूट्रल बारीक असलेली साडेतीन कोअर घेऊ नका. चर एकदाच खणायचाय, मजुरी तेवढीच लागते.

चर बुजवायच्या आधी वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) फेज-न्यूट्रल आणि दोन्हींचं अर्थिंगशी टेस्ट करून घ्या, दोन्ही टोकं सुटी असताना. चालायला १ मेगाओहम पुरतो पण नव्या केबलला त्याच्या कितीतरी पट जास्त आलं पाहिजे, नाही आलं तर केबल कुठेतरी सोललीय, तेव्हाच शोधा. आणि चराचे फोटो काढून ठेवा, शेजारी टेप धरून, गेटपासून किती आणि भिंतीपासून किती ते दिसेल असे.