तुझ्या पाचव्या महिन्यातल्या घसरण्याबद्दल

"मावशी, माझं बाळ सात आठवड्यांचं आहे. त्याचा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले आहेत. पाचव्या महिन्यात मी जिन्यावरून घसरले होते, त्यानेच हे झालं असं सासूबाई म्हणतात. नवरा काहीच बोलत नाही. लाखात एखाद्याला होणारं माझ्याच बाळाला का झालं? आता दुसरं मूल होऊ द्यायचीही भीती वाटते. – एक अपराधी आई"

प्रिय मुली,

आधी तुझ्या सहीतला 'अपराधी' हा शब्द खोडू या.

बाळाचा वरचा ओठ गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात तयार होतो, टाळू सहाव्या ते नवव्या. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी वाढत आलेले भाग मध्ये येऊन सांधले जातात. ते सांधले गेले नाहीत तर फट राहते. तू घसरलीस पाचव्या महिन्यात, म्हणजे हे सगळं घडून दोन महिने उलटल्यावर. त्या जिन्याचा या फटीशी संबंध असूच शकत नाही. एवढा मजकूर सासूबाईंना वाचून दाखव, आणि नवरा घरात असताना दाखव. त्यांच्या बोलण्यापेक्षा त्याचं गप्प बसणं तुला जास्त लागलंय, असं तुझ्या पत्रातून मला जाणवलं.

मग कशामुळे झालं? बहुतेक वेळा एकच एक कारण सापडत नाही. जनुकं आणि इतर गोष्टी मिळून ते घडतं. गर्भारपणातलं धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह, फिटांवरची काही औषधं यांनी धोका वाढतो हे माहीत आहे. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही.

आणि 'लाखात एक' हे तर साफ चूक. जन्मणाऱ्या दर शंभर बाळांपैकी निदान तिघांमध्ये काही ना काही जन्मजात दोष असतो. एकट्या हृदयाचेच दोष शंभरात सुमारे एका बाळाला असतात. दुभंगलेला ओठ किंवा टाळू हजारात साधारण एका बाळाला. ही मुलं तुला दिसत नाहीत, कारण शस्त्रक्रिया झालेलं मूल चारचौघांत चटकन ओळखू येत नाही आणि घरचे त्याबद्दल बोलत नाहीत.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगते. तू एवढं लांब पत्र लिहिलंस, पण बाळाचं वजन किती ते कुठेच नाही. टाळू उघडी असली की बाळाला नीट ओढून पिता येत नाही. ते दमतं, पोटात हवा जाते, दूध नाकातून येतं आणि वजन मागे पडतं. शस्त्रक्रिया कधी करायची, हे बऱ्याच अंशी वजनावर ठरतं. एकाच व्यंगाची दोन बाळं वेगवेगळी वाढतात, त्यात या पहिल्या महिन्यांतल्या दुधाचा वाटा फार मोठा असतो. त्याला उभट धरून पाज. अशा बाळांसाठी हलकेच दाबता येणाऱ्या खास बाटल्या मिळतात, त्यातून तुझंच काढलेलं दूध देता येतं. सध्या दर आठवड्याला वजन कर आणि वहीत लिहून ठेव.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत होते, टाळूची बहुधा दीड वर्षाच्या आत, कारण बोलणं फुटायच्या सुमारास टाळू मिटलेली हवी. कानांकडे मात्र बऱ्याच घरांत दुर्लक्ष होतं. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे वारंवार पाणी साठतं. मूल ऐकत नाही, म्हणून बोलत नाही, आणि दोष मात्र ओठाला दिला जातो. श्रवणचाचणी चुकवू नकोस. पुढे वाचा-उपचारही लागतील. काही बाळांना यासोबत हृदयाचाही दोष असतो, तेव्हा ती तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचार.

दुसऱ्या मुलाचं म्हणशील तर, तुम्हा दोघांना हे व्यंग नसेल आणि बाळाला दुसरा कुठला आजार जोडलेला नसेल, तर पुन्हा असं होण्याची शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच. म्हणजे पंचाण्णवच्या वर वेळा होत नाही. मूल हवं असं ठरलं की आधी जनुकीय सल्ला घ्या. फोलिक ॲसिड गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यायचं असतं, रोज 400 मायक्रोग्रॅम. तुझ्यासाठी किती, ते डॉक्टरच ठरवतील. त्याचा खरा उपयोग बाळाच्या मेंदूचे आणि मणक्याचे दोष टाळण्यासाठी. तो भाग गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटतो, दिवस गेल्याचं कळायच्याही आधी.

झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, लपवू नकोस. उद्या नवऱ्यालाच बाळाला उचलून वजनाला न्यायला सांग, आणि आकडा मला कळव.

तुझी,
मावशी