१९७७ च्या कॉर्वेटचा नाकाखालचा स्पॉयलर घरच्या घरी काढता येईल का?

येईल. (कॉर्वेट म्हणजे जनरल मोटर्सची स्पोर्ट्स कार, आणि हा स्पॉयलर म्हणजे तिच्या नाकाखाली बसवलेला काळा पट्टा.) जॅक, दोन स्टँड, गोट्यांचा (बोल्टाच्या डोक्यावर बसणाऱ्या सॉकेट पान्यांचा) सेट आणि एक मोकळा शनिवार एवढ्यात भागतं. तुम्ही लिहिलंय की पार्किंगमधल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर घासून तो एका बाजूनं फाटलाय, लोंबतोय, आणि तसाही तो काळा पट्टा गाडीला शोभत नाही, म्हणून कायमचाच काढून टाकायचाय. काढायला माझी ना नाही. ‘कायमचा’ म्हणताय तिथे मात्र थांबा, कारण ती चूक मी करून बसलोय.

माझीही १९७७ चीच आहे, एल-४८ नावाच्या ३५० घनइंची इंजिनची. मी अमेरिकेत डेट्रॉइटच्या बाजूला राहतो. तीनेक वर्षं गराजमध्ये तिच्याखाली लोळण्यात गेली, मग एका मे महिन्यात मला सौंदर्यदृष्टी सुचली. स्पॉयलर उतरवला, गराजच्या माळ्यावर टाकला. नाक कसं हलकं, मोकळं दिसायला लागलं! जुलैमध्ये बायकोला घेऊन लांबच्या फेरीला निघालो आणि हायवेवर ताशी ६५ मैल धरल्यावर दहा मिनिटांत तापमानाचा काटा चढायला लागला. वेग कमी केला की खाली, वाढवला की परत वर. गावात सिग्नलला उभी असताना काहीच नाही.

मी थर्मोस्टॅट (इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला. पाण्याचा पंप बदलला. रेडिएटर काढून साफ करून आणला. काटा आपला चढतोच आहे. शेवटी गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ आले, ज्यांच्याकडे अशाच जुन्या दोन गाड्या आहेत. बॉनेट उघडायचीही तसदी न घेता ते नुसते खाली वाकले आणि म्हणाले, खालचा पट्टा कुठाय? काखेत कळसा म्हणतात तसं झालं, फक्त माझा कळसा माळ्यावर होता.

आपण जाळी बघतो आणि हवा समोरून आत शिरत असेल असं धरून चालतो. ह्या पिढीच्या कॉर्वेटला (१९६८ ते १९८२, जिला सी-थ्री म्हणतात) रेडिएटरची बरीचशी हवा नाकाच्या खालून मिळते. तो पट्टा रस्त्यालगतची हवा अडवतो. अडल्यामुळे त्याच्या पुढे दाब वाढतो आणि ती हवा वर रेडिएटरकडे वळते. पट्ट्याच्या मागे, इंजिनच्या खाली, दाब कमी राहतो, त्यामुळे रेडिएटरमधून आलेली गरम हवा खालून बाहेर ओढली जाते. पट्टा काढला की दोन्हीकडून नुकसान: पुढची हवा सरळ गाडीखालून निघून जाते, आणि इंजिनच्या खोलीतली गरम हवा बाहेर पडायला धजत नाही. गावातल्या वेगाला पंखा हे सगळं सांभाळून घेतो, म्हणून गावात कळतच नाही. म्हणून लक्षात ठेवा, उभी असताना तापली तर पंख्याकडे बघा, पळताना तापली तर हवेच्या वाटेकडे.

हे मी एकट्यानंच उशिरा शिकलो असंही नाही. १९६८ मध्ये हे मॉडेल नवं होतं, तेव्हा मोठ्या इंजिनाची गाडी पत्रकारांच्या हाती द्यायच्या वेळी तापत होती. कॉर्वेटचे मुख्य अभियंता झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी स्पॉयलरच्या अगदी पुढे, खालच्या बाजूला दोन लांबट भोकं पाडली आणि स्पॉयलरची उंची वाढवली. म्हणजे जी गोष्ट तुम्हाला शोभेची वाटते, ती त्यांनी गाडी थंड ठेवायला मोठी केली होती.

तेव्हा काढा, पण नवीन बसवण्यासाठी. बाजारात त्या मापाचा नवा पट्टा मिळतो. जुना उतरवण्याआधीच तो घरात आणून ठेवा, नाहीतर ‘पुढच्या आठवड्यात बसवू’ म्हणत उन्हाळा उजाडतो.

आता प्रत्यक्ष काम. गाडी उचलताना पहिली काळजी बॉडीची. ही फायबरग्लासची आहे, तिला जॅक लावलात तर तडा जाईल. उचलायची ती खालच्या लोखंडी चॅसीला धरून, आणि स्टँडही चॅसीखालीच. मागच्या चाकांना लाकडी ओंडके लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. तुमच्याकडे चाकं चढवायचे रॅम्प असतील तर एक गंमत होते: चाक रॅम्पला टेकायच्या आधी स्पॉयलरच टेकतो. आधी दोन फळ्यांवर चढवा, मग पुढे न्या.

आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. माझ्या बोल्टांची डोकी त्यामुळे इतकी खाल्लेली होती की ती षटकोनी होती हे आठवून घ्यावं लागत होतं. गोटी निवडताना घाई करू नका. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटरच्या जरा वर, त्यामुळे १० मिलिमीटरची गोटी त्यावर ‘बसते’ आणि पहिल्याच जोराला डोकं गोल करून टाकते. आणि जनरल मोटर्सच्या गाड्या त्याच सुमाराला इंचावरून मेट्रिकवर सरकत होत्या. त्यात पन्नास वर्षांत कोणी काय बदललंय कुणास ठाऊक, म्हणून प्रत्येक बोल्टाला दोन्ही लावून बघा. सहा कोनांचीच गोटी घ्या, बारावाली नको.

खरी कटकट बोल्ट न सुटण्याची नसते, तो नुसता फिरत राहण्याची असते. फायबरग्लासमध्ये आटे टिकत नाहीत, म्हणून मागे पत्र्याची क्लिप असते आणि आटे तिच्यात असतात. गंजलेली क्लिप जागा सोडते आणि बोल्टाबरोबर गरागरा फिरते. मागून हात पोचत असेल तर ती लॉक होणाऱ्या पक्कडीनं धरा. पोचत नसेल तर डोकं सरळ कापून टाका. एवढासा बोल्ट वाचवण्यात शौर्य नाही, शिवाय जोर लावून ओढाल तर त्याच्याभोवतीचं फायबरग्लास घेऊन तो बाहेर येईल. ते बुजवायला मला दोन रविवार लागले होते. कापताना चष्मा आणि मास्क हवाच. फायबरग्लासची धूळ घशात आणि कातडीत दोन दिवस खाजते, आणि उताणं झोपून वर बघत काम करताना गंज थेट डोळ्यात पडतो. गॅसची शेगडी, ब्लोटॉर्च वगैरे अजिबात नको. गंजलेल्या बोल्टाला आग दाखवणं लोखंडी गाडीत ठीक आहे, इथे फायबरग्लासमधली राळ (रेझिन) जळेल.

आतल्या बाजूला बारीक रबरी नळ्या दिसतील. झाकलेले दिवे उघडायला ह्या गाडीत व्हॅक्यूम लागतो, त्याच्या असतात त्या. त्यांना ओढू नका, जुन्या नळ्या बिस्किटासारख्या तुटतात, आणि मग संध्याकाळी एक डोळा मिटलेली गाडी घेऊन फिरावं लागतं.

पट्टा उतरला की लगेच नवा चढवू नका. टॉर्च घेऊन रेडिएटरच्या कडेनं बघा. रेडिएटर आणि आजूबाजूच्या पत्र्यात जे रबर आणि फोम भरलेले असतात, ते इतक्या वर्षांत गळून गेलेले असतात. त्या फटींतून हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते, म्हणजे नवा पट्टा लावूनही अर्धं कामच होणार. मी साधी रबरी पट्टी आणून ती भरली. माझ्या मते थर्मोस्टॅट आणि पंपावर जे पैसे घातले त्यापेक्षा ह्या पट्टीनं जास्त काम केलं.

नवा पट्टा घडी होऊन आलेला असतो, कडक. तासभर उन्हात पसरून ठेवलात की नरम होऊन वळणाला बसतो. मधल्या भोकापासून सुरुवात करा, कडेला जात जात सगळे बोल्ट आधी सैल लावा, मग आवळा. मोठे वायसर घाला. भोकं जराशी जुळत नसतील तर पट्ट्याची भोकं मोठी करा, बॉडीची नाही.

बोल्टांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बहुतेक लोक स्टीलचे, न गंजणारे लावतात. मी नायलॉनचे लावले. ठोकळ्याला आपटल्यावर बोल्ट तुटावा, पट्टा फाटू नये आणि बॉडीला तर काहीच होऊ नये, एवढाच हिशोब. ह्याला आता सहा वर्षं झाली. पट्टा शाबूत आहे, हायवेवर काटा जागचा हलत नाही. दोन बोल्ट तेवढे गेले, आणि दोन्ही वेळा पार्किंगमध्ये नाही, आमच्याच ड्राइव्हवेच्या उतारावर.